मगदूमांच्या विमानाची टाकी

टाकीत पेट्रोल नव्हतं.

मी मापाची काठी पुसून पुन्हा आत घातली. कोरडी. आदल्या दिवशी ऊन उतरताना मी स्वतः बघितलं होतं, टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. विमानाच्या नाकाखाली वाकले तर शेडची माती काळी पडलेली, आणि वास असा की डोळ्यांना पाणी यावं. टाकीच्या तळाला गाळ काढायला एक छोटा नळ असतो. तो पुरता उघडा होता.

“भूपालअण्णा!” मी हाक मारली. “इकडे या. आणि काडी पेटवू नका.”

भूपाल मगदूम दारातून आत आले. त्यांनी नळाकडे पाहिलं, पण त्याआधी मान वळवून शेडमागच्या दोन खोल्यांकडे पाहिलं. तिथून कुकरच्या शिट्टीचा आवाज येत होता.

“सैल झाला असंल,” ते म्हणाले.

“कशानं?”

“इंजिनाच्या थरथरीनं होतंय कधीकधी.”

“इंजिन कालपासून सुरूच केलेलं नाही.”

गुडघ्यावर बसून त्यांनी नळ बंद केला, हात मातीला पुसले आणि म्हणाले, “मिरजेला ओळखीच्याकडं दोन कॅन ठेवलेत. घेऊन येतो. उड्डाण दुपारनंतर करू.”

ही गोष्ट ब्याण्णव सालची. तेव्हा मी एका फ्लाइंग क्लबमधली प्रशिक्षकाची नोकरी सोडून घरी बसले होते. हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या दोन विमानांचं पहिलं उड्डाण मी केलं होतं, त्यामुळे अशा लोकांत माझं नाव फिरत असे. भूपालअण्णांचा सांगलीत पंपांचे सुटे भाग करायचा कारखाना. त्यांनी लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून दोन माणसांचं विमान केलं होतं आणि पहिल्या उड्डाणासाठी मला बोलावलं होतं. परवानगीची कागदपत्रं चोख होती. जतच्या बाजूला हिरेवाडीच्या माळावर बंद पडलेल्या साखर कारखान्याची एक धावपट्टी होती. तिच्या कडेला त्यांनी पत्र्याची शेड उभारली होती.

काम अप्रतिम होतं. मी पंखाखालून हात फिरवत गेले, तेव्हा एकही सांधा बोटाला लागला नाही. तरी आल्यापासून माझं मन लागत नव्हतं. विमानात खोट सापडली की मला बरं वाटतं, कारण ती दुरुस्त करता येते. इथे मला माणसातच काहीतरी खटकत होतं.

त्यांनी काही वर्षांपूर्वी एक विमान बांधलं होतं आणि ते पडलं होतं, हे त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. त्यात त्यांचे थोरले भाऊ, धन्यकुमार मगदूम, गेले. कसे गेले, असं मी विचारलं तर म्हणाले, “जागीच.” इथे आल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा, “जागीच.” तोच शब्द, तोच सूर, पाठ केल्यासारखा. त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, कातडी चुरगळून चिकटवल्यासारखी होती. ती माझ्या नजरेला पडताच त्यांनी बाह्या खाली ओढल्या. “भट्टीचं हाय,” म्हणाले. पण मी त्यांचा कारखाना बघितला होता. तिथे लेथ होती, ड्रिल होतं, भट्टी नव्हती. शेडच्या टोकाला पत्र्याची एक कोंदट खोली होती. तिला कुलूप, आणि किल्ली सतत त्यांच्या खिशात.

आणि टाकी. आदल्या दुपारी मी विमानातल्या बैठकीवर बसून पाय लांब केले आणि समोरच्या वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांच्या फळीमागे हात घातला, तर हाताला गार ॲल्युमिनियम लागलं.

“पेट्रोलची टाकी इथे? माझ्या गुडघ्यांवर?”

“उंचावर हाय म्हणून पेट्रोल आपसूक इंजिनात उतरतंय,” भूपालअण्णा म्हणाले. “पंपाची भानगड नाही. पंप नाही, तर बंद पडायचा प्रश्न नाही.”

“ते खरं. पण पुढे हा पातळ पत्रा, पत्र्यापलीकडे इंजिन. नाकावर आपटलं तर इंजिन मागे सरकणार आणि टाकी मध्ये चेंगरणार. फुटली की सगळं पेट्रोल माझ्या मांडीवर, आणि इंजिन तापलेलं.”

“जगात कितीतरी विमानं अशीच हायत की, मॅडम.”

तेही खरं होतं. अशी विमानं मीही उडवली होती. मी पुढे काही म्हणणार तेवढ्यात ते दचकून मागे वळले. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. धन्यकुमारांच्या पत्नी, पद्मजा मगदूम. सांगलीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. उड्डाणासाठी म्हणून रजा काढून आल्या होत्या. सडपातळ, पांढरी साडी, चष्मा. त्यांनी कप माझ्या हातात दिला.

“टाकी कुठं आहे म्हणालात, गुप्तेबाई?”

“काही नाही वहिनी, मशीनचं बोलणं चाललंय,” भूपालअण्णा घाईघाईनं म्हणाले. “तुम्ही चला आत. इथं वास येतोय.”

वहिनी गेल्या. पण जाताना त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, टाकीखाली पसरलेल्या.

म्हणून त्या सकाळी, उघडा नळ बघून, मला पहिला संशय आला तो भूपालअण्णांचाच. यांना उड्डाण नकोच आहे का? की टाकीत काही दोष सापडलाय आणि तो मला कळू न देता दुरुस्त करायचाय? जीपमध्ये बसता बसता ते थांबले.

“मी येईपर्यंत शेडमध्ये कुणाला सोडू नका.”

“इथे आहे कोण सोडायला?”

“वहिनींनासुद्धा,” ते म्हणाले. “त्यांना पेट्रोलचा वास सोसत नाही.”

जीपची धूळ खाली बसली नाही तोच वहिनी शेडमध्ये आल्या. नाकाला पदर नव्हता. ओल्या मातीपाशी येऊन त्या सरळ उभ्या राहिल्या.

“सगळं गेलं का?” त्यांनी विचारलं.

“गेलं. कुणीतरी नळ उघडला.”

“कुणीतरी कशाला? मी उघडला. पहाटे सामायिक झाल्यावर आले. नळ कडक होता.”

त्या हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला राग येण्याऐवजी भीतीच वाटली. सामायिक म्हणजे जैनांचं सकाळचं ध्यान. ध्यान आटोपून ही बाई दुसऱ्याच्या विमानाचं पेट्रोल मातीत सोडते?

“का? भूपालअण्णांशी काही वाकडं आहे का तुमचं?”

“भाऊजींशी?” त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. “माझा मुलगा त्यांनी शिकवला. मला कधी परकं मानलं नाही. त्यांच्याशी काय वाकडं असणार?”

“मग मला स्पष्ट सांगा. या विमानात काय दोष आहे?”

“ते मला काय कळतंय? मी रसायन शिकवते.” त्यांनी कमरेची किल्ली काढली. “तुम्हाला कळेल. त्या खोलीतलं बघून या.”

“किल्ली तर भूपालअण्णांकडे असते.”

“कुलूप आमच्या ह्यांचं आहे. दोन किल्ल्या होत्या.”

मी किल्ली घेतली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, ही दोघं मिळून मला कशात तरी गोवतायत. उद्या काही झालं तर म्हणतील, पायलटबाईंनीच कुलूप उघडलं होतं.

“तुम्हीच उघडा. बरोबर जाऊ,” मी म्हणाले.

“मला बघायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघायला पाहिजे. तुम्ही त्यात बसणार आहात.”

आता मात्र मी किल्ली घेतली.

खोलीत पहिलं विमान होतं. म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. लाकूड आणि कापड नाहीच, फक्त धातू. पण भूपालअण्णांनी प्रत्येक तुकडा जमिनीवर आपापल्या जागी मांडून ठेवला होता, पुढे इंजिन, मग पत्रा, मग घड्याळांच्या चौकटी, मग बैठकीच्या नळ्या. एखाद्या माणसाला झोपवावं तसं. अपघात तपासणाऱ्यांबरोबर मी पूर्वी एकदोनदा काम केलं होतं, त्यामुळे कुठे बघायचं ते मला माहीत होतं.

इंजिन वीतभर मागे सरकलं होतं. पत्रा वाकला होता. त्याच्यामागे टाकी, शिवणीवर उसवल्यासारखी फाटलेली. तीच टाकी, त्याच जागी, जी बाहेरच्या नव्या विमानात होती.

पण माझी नजर खिळली ती बैठकीवर. बैठकीच्या नळ्या सरळ होत्या. पाय टेकायच्या पट्ट्या जवळजवळ सरळ होत्या. माणूस बसतो ती जागा चेंगरलीच नव्हती. इतक्या धक्क्यानं पाय मोडेल, बरगडी जाईल. जीव जाणार नाही.

बैठकीच्या दोन्ही बाजूंना पायलटच्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचे दोन भाग ठेवले होते. पट्टा जळून गेला होता, पण पोलाद शाबूत होतं. मी ते उचलून बघितलं. तोडलेलं नव्हतं, तुटलेलंही नव्हतं. नीट, अंगठ्यानं दाबून सोडवलेलं होतं.

धन्यकुमार मगदूम जागीच गेले नव्हते. विमान पडल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टा सोडवला होता.

मी बाहेर आले तेव्हा वहिनी शेडच्या दारात उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या काय विचारतील आणि मी काय सांगू, हे माझ्या मनात ठरत नव्हतं. त्यांनी काहीच विचारलं नाही. किल्ली परत घेतली आणि फक्त म्हणाल्या, “आता उडणार का तुम्ही?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग झालं,” त्या म्हणाल्या, आणि भाकऱ्या करायच्यात म्हणून निघून गेल्या.

भूपालअण्णा यायला दुपार टळली. जीपमधून कॅन उतरवत होते, तेव्हा मी म्हणाले, “राहू द्या. मी हे विमान उडवणार नाही. टाकी तिथून काढा. पंखांत घाला, पायलटपासून दूर. पंप लागेल, दोन लावा, एक बंद पडला तर दुसरा. मग बोलवा मला.”

“आज सकाळपर्यंत तर तयार होता.”

“सकाळी मी ती खोली बघितली नव्हती.”

कॅन त्यांच्या हातातून धाडकन खाली आपटला. आधी ते खोलीकडे धावले, कुलूप ओढून पाहिलं. मग माझ्या अंगावर आले. इतका वेळ हळू बोलणारा हा माणूस ओरडायला लागला.

“कुणी सांगितलं तुम्हाला आत जायला? चोरासारखं? विमान उडवायला बोलावलं का घर उकरायला?”

“ओरडू नका. तुमचे भाऊ त्या टाकीनं गेले, हे तुम्हाला माहीत आहे. मग नव्या विमानात तीच टाकी, तिथेच? तुमच्यासारखा कारागीर? तुम्हाला टाकी पंखात घालता येत नव्हती, यावर मी विश्वास ठेवू?”

“येत होती.”

“मग?”

मला आता त्यांचा सरळ संशय यायला लागला होता, आणि तो मी बोलून दाखवला. “पुन्हा तेच व्हावं असं वाटत होतं का तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कॅनवर खाली बसले आणि आवाज एकदम खाली आला.

“मॅडम, वहिनींना मी सांगितलंय, दादा जागीच गेले. काही कळलंसुद्धा नाही त्यांना. सगळ्यांना तेच सांगितलं. टाकी मी बनवली होती, माझ्या हातानं. आता ती हलवली तर त्या विचारतील, का हलवली? हुशार बाई हाय. एका प्रश्नात सगळं उलगडेल.”

“म्हणून टाकी तशीच ठेवली?”

“तुमच्या हातून पडणार नव्हतं ते. मी चौकशी केली होती. तुमच्यासारखं कुणी नाही म्हणतात सगळे.”

एक खोटं टिकावं म्हणून या माणसानं माझ्या मांडीवर पेट्रोल ठेवलं होतं. आणि तरी त्याला शिव्या घालाव्यात असं मला वाटेना, कारण समोर बसलेला माणूस मला फसवणारा वाटत नव्हता. बुडणारा वाटत होता.

“भाऊजी,” मागून आवाज आला.

जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. वहिनी बोलवायला आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

“टाकी हलवा,” त्या म्हणाल्या.

भूपालअण्णा उठून उभे राहिले. “वहिनी, या मॅडमना उगीच शंका येतीया. दादांचं तसं काही...”

“मला माहीत आहे.”

“काय माहीत हाय?”

“ते जागीच गेले नाहीत.” त्या दाराला टेकल्या. “शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती. मी त्यांना विचारलं. ते सांगत नव्हते. मी म्हटलं, एवढंच सांगा, श्वासनळीत काजळी होती का? त्यांनी खाली बघितलं. काजळी आपली आपण आत जात नाही, भाऊजी. श्वास घ्यावा लागतो.”

“कधी?” भूपालअण्णांना नीट बोलता येत नव्हतं. “कधी विचारलं?”

“तेराव्याच्या आधी.”

“इतकी वर्षं? आणि एका शब्दानं बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? टाकी तुम्ही केली होती. तुमचे हात जळालेले मी बघत होते. तुम्ही मला जगवण्यासाठी खोटं बोलत होता, आणि ते खोटं काढून घेतलं असतं तर तुम्ही जगला नसता. म्हणून चालू दिलं. पण काल बाईंनी टाकीचं विचारलं, आणि कळलं की अजून तिथंच आहे. आपल्या दोघांच्या न बोलण्यात तिसऱ्या माणसाचा जीव जायला नको.”

माळावर वारा सुटला होता आणि शेडचे पत्रे वाजत होते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दारात वहिनी होत्या.

मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

“एक विचारू? तुम्ही तिथं पोचला होता ना?”

भूपालअण्णांनी मान हलवली.

“ते काही बोलले का? मला हे कुणालाच विचारता आलं नाही. जागीच गेलेला माणूस काय बोलणार?”

भूपालअण्णांनी तोंडावरून दोन्ही हात फिरवले. बाह्या मागे सरकल्या. त्यांनी त्या पुन्हा ओढल्या नाहीत.

“पट्टा सोडवला होता त्यांनी,” ते म्हणाले. “पाय अडकला होता. मी दार ओढत होतो. एकदा हातात हात आला, वहिनी. मग सगळं पेटलं. तर म्हणाले, ‘भूपा, मागं हो.’ मी सोडत नव्हतो. तर ढकललं मला. ‘मागं हो म्हणतो ना,’ म्हणाले. रागानं. लहानपणी ओरडायचे तसं.”

वहिनी ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, ते शब्द स्वतःशी म्हणून बघत असाव्यात.

“मग तुम्ही मागं झालात,” त्या म्हणाल्या.

“झालो.”

“बरं केलंत.”

भूपालअण्णा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. वहिनी त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, “उठा. दिवस मावळतोय. पानं वाढलीत. बाई, तुम्हीही चला.”

आम्ही तिघं जेवलो. भूपालअण्णांनी आमटी दोनदा मागून घेतली.

पंखांतल्या टाक्या करायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा हिरेवाडीला गेले. घड्याळांच्या फळीमागे हात घातला तर रिकामी जागा लागली. पत्र्याची खोली उघडी होती आणि तिच्यात शेंगांची पोती ठेवली होती. पहिलं उड्डाण मी एकटीनं केलं, माळावरून दोन चकरा मारून नीट उतरले. विमान हाताला हलकं लागत होतं, थोडं डावीकडे ओढत होतं, तेवढंच.

उतरल्यावर भूपालअण्णा पंखांखाली वाकून गळती बघायला लागले. वहिनी माझ्याजवळ आल्या.

“आमच्या ह्यांना जत्रेचं मैदान दिसायचं म्हणत होते वरून,” त्या म्हणाल्या. “दिसतं का खरंच?”

मी शेजारची बैठक दाखवली. “बसा. बघून येऊ.”

त्यांनी दिराकडे पाहिलं. ते पंखाखालून बाहेर आले, हात पुसले आणि वहिनींना पंखावर चढायला आधार दिला.